ऊसतोडीला जाणाऱ्या महिलांची दहावी: १७ नंबर, एनआयओएस की आणखी काही?

वाचनकट्टा:

नमस्कार. बीड जिल्ह्यातल्या आमच्या गावात वाचनालयातर्फे १४ जणींचा गट जमला आहे. सगळ्यांना दहावी करायची आहे. वयं १६ ते ३४. बहुतेकींची शाळा सहावी ते नववीच्या दरम्यान सुटली, दोघी दहावी नापास आहेत. ११ जणी दर वर्षी नवऱ्याबरोबर किंवा आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातात. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात आणि मार्चअखेर, कधी एप्रिलमध्ये परत येतात. काही टोळ्या कोल्हापूर-सांगलीकडे जातात, काही कर्नाटकात.

कोणी म्हणतं १७ नंबरचा, म्हणजे राज्य मंडळाची दहावी बाहेरून द्यायचा, फॉर्म भरा, कोणी एनआयओएस हे राष्ट्रीय मुक्त शाळेचं मंडळ सुचवतं. एकाने तर मुक्त विद्यापीठातून थेट पदवीच करा असं सांगितलं. घरटी एखादा स्मार्टफोन आहे, तोही नवऱ्याकडे किंवा भावाकडे. कोपीवर, म्हणजे उसाच्या फडाजवळच्या झोपडीत, नेटवर्क मिळेलच असं नाही.

मला विचारायचं आहे ते असं: मंडळ कोणतं निवडावं, कागदपत्रांत काय अडतं, आणि पाच महिने गावाबाहेर असताना अभ्यास चालू कसा ठेवायचा? पुढे अंगणवाडी किंवा आशाचं काम मिळावं ही बहुतेकींची इच्छा आहे.

काठावरची शाळा:

आधी कॅलेंडर मांडा, मंडळ त्यावरून ठरेल.

राज्य मंडळाची दहावीची मुख्य परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते. तेव्हा गाळप ऐन भरात असतं. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, कोयता म्हणून नवरा-बायको दोघांचा हिशेब एकत्र असतो. त्यातली एक बाई परीक्षेसाठी उठून गावी आली तर त्या दिवसांची तोड बुडते आणि मुकादम नवऱ्याला विचारतो. १७ नंबर भरलेल्या बायका परीक्षेलाच येऊ शकत नाहीत, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. शिवाय तिथे मराठी, हिंदी, इंग्रजी, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रे असे सगळे विषय एकदम द्यावे लागतात, अंतर्गत गुणांसाठी आणि प्रात्यक्षिकासाठी संपर्क केंद्राच्या शाळेत हजर राहावं लागतं, आणि पास व्हायला ३५ टक्के लागतात. तुमच्या ज्या तिघी गावातच राहतात त्यांना मात्र १७ नंबर चांगला आहे. बालभारतीची मराठी पुस्तकं सहज मिळतात, शिकवायला गावातले शिक्षक असतात आणि परीक्षा केंद्र जवळ येतं.

स्थलांतर करणाऱ्या ११ जणींसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस. कारणं अशी:

परीक्षा वर्षातून दोनदा होते, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. एप्रिल-मेची फेरी टोळ्या परतण्याच्या वेळेशी जुळते. नोंदणी ५ वर्षं टिकते आणि त्यात ९ वेळा परीक्षेला बसता येतं. पास झालेला विषय जमा राहतो, उरलेले नंतर द्यायचे. उत्तीर्ण व्हायला ३३ टक्के लागतात. किमान ५ विषय घ्यायचे, त्यात एक भाषा हवीच, भाषा जास्तीत जास्त दोन. गणित आणि इंग्रजी सक्तीचे नाहीत. दहावीच्या प्रवेशाला १४ वर्षं पूर्ण हवीत, कमाल वयाची मर्यादा नाही. आठवी पासचा दाखला नसेल तर अभ्यासक्रम झेपेल असं स्वतःचं लेखी घोषणापत्र चालतं.

आता विषयांची निवड. इथे बहुतेक गट अडखळतात. "बायका आहेत, गृहविज्ञान सोपं जाईल" म्हणून सर्रास २१६ क्रमांकाचा विषय भरला जातो. पण त्याला प्रात्यक्षिक आहे, आणि एप्रिलच्या फेरीची प्रात्यक्षिकं लेखी परीक्षेच्या आधी, मार्चमध्ये लागतात. म्हणजे बाई अजून फडातच. डेटा एंट्री (२२९), चित्रकला (२२५) आणि विज्ञान (२१२) यांनाही तेच लागू. पहिल्या फेरीला प्रात्यक्षिक नसलेलेच विषय ठेवा: मराठी २०४, हिंदी २०१, सामाजिक शास्त्र २१३, आणि अर्थशास्त्र २१४, व्यवसाय अध्ययन २१५, मानसशास्त्र २२२, भारतीय संस्कृती आणि वारसा २२३ यांतले दोन. मात्र विषय भरण्याआधी एनआयओएसच्या संकेतस्थळावर त्या विषयाचं मराठी माध्यमाचं पुस्तक प्रत्यक्ष उघडून बघा. प्रत्येक विषयाचं पुस्तक मराठीत असेलच असं धरून चालू नका. फॉर्ममधला माध्यमाचा रकानाही दोनदा तपासा. तिथे चुकून इंग्रजी पडलं तर पुस्तकांपासून प्रश्नपत्रिकेपर्यंत घोळ होतो.

गणित सोडायचं की नाही हे वयावर ठरवा. पंचविशीपुढच्या ज्यांना आशाचं काम हवं आहे त्यांना दहावीचं प्रमाणपत्र पुरतं. अंगणवाडी सेविका आणि मदतनीस या दोन्ही पदांना महाराष्ट्रात आता बारावी लागते, पण तिथे गणिताची अट नाही. १६ ते २० वयाच्या मुलींना मात्र आयटीआय किंवा तंत्रनिकेतनची वाट बंद होऊ देऊ नये. त्यांना गणित आणि विज्ञान घ्यायला लावा, हवं तर दुसऱ्या वर्षी द्या.

पहिल्या एप्रिलमध्ये पाचही विषयांना बसवू नका. दोन किंवा तीन पुरेत. पाचांत तीन राहिले की बाई "मला जमत नाही" म्हणून कायमची थांबते. दोन दिले आणि दोन्ही निघाले की तीच बाई पुढच्या वर्षी उरलेले तीन मागते.

वेळापत्रक असं धरा. प्रवेशाची मुदत साधारण १६ मार्च ते ३१ जुलै, त्यावर पुढच्या एप्रिल-मेची परीक्षा. टोळ्या परतल्या की मे-जूनमध्येच प्रवेश उरका. परीक्षेचं शुल्क मात्र प्रवेशाच्या वेळी भरलं जात नाही, ते वेगळं, ऑनलाइन, डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास भरायचं असतं. तेव्हा त्या फडात असतात. हे शुल्क भरायचं राहिलं म्हणून वर्ष जातं, अभ्यास झालेला असूनसुद्धा. प्रत्येकीचा नोंदणी क्रमांक आणि पासवर्ड वाचनालयाच्या एका वहीत ठेवा आणि शुल्क गावातूनच भरा. पैसे जूनमध्येच गोळा करून ठेवा, जानेवारीत मागायला जाऊ नका.

प्रवेश शुल्क महिलांना पुरुषांपेक्षा कमी आहे. अनुसूचित जाती, जमाती आणि दिव्यांगांना आणखी सवलत आहे, त्यासाठी प्रमाणपत्र जोडावं लागतं. भटक्या-विमुक्तांसाठी तशी वेगळी सवलत नाही, त्यांना महिलांचा दर लागतो. तुमच्या भागात वंजारी समाजाच्या बायका जास्त असणार, म्हणून आधीच सांगितलं. आजचे आकडे संकेतस्थळावरूनच घ्या.

दाखला_उतारा:

कागदपत्रांबद्दल लिहितो, कारण मे-जूनमधला निम्मा वेळ यातच जातो.

प्रत्येकीसाठी लागतं: शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मतारखेचा पुरावा, आधार, फोटो, सही, चालू असलेला मोबाइल नंबर आणि ईमेल. दाखला हरवला असेल तर ज्या जिल्हा परिषद शाळेत ती शेवटची शिकली तिथे मुख्याध्यापकांकडे अर्ज करून जनरल रजिस्टरवरून प्रवेश-निर्गम उतारा मागा. अर्जात तिचं माहेरचं पूर्ण नाव, आईचं नाव, अंदाजे प्रवेशाचं आणि शाळा सोडल्याचं वर्ष लिहा. वर्ष दिलं नाही तर रजिस्टर चाळायला कोणी बसत नाही. ऊसतोड कुटुंबातल्या मुलींची दोन-दोन शाळांत नावं सापडतात, एक गावची आणि एक कारखान्याजवळची. अशा वेळी जिथे पहिली नोंद आहे ती जन्मतारीख मूळ धरा आणि शेवटच्या शाळेचा दाखला घ्या.

खरी अडचण नावाची आहे. दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत तिसरंच. माझं स्पष्ट मत: प्रमाणपत्र दाखल्यावरच्या नावाने आणि दाखल्यावरच्या जन्मतारखेने निघालं पाहिजे. पुढे जात प्रमाणपत्र, जात पडताळणी, नोकरीतली कागदपत्र तपासणी, सगळीकडे शाळेची नोंद पाहिली जाते. नावातला फरक विवाह नोंदणी प्रमाणपत्राने किंवा राजपत्रातल्या नोंदीने जुळवता येतो. जन्मतारखेतला फरक जुळवणं फार अवघड.

आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, जन्मतारीख एकदाच. म्हणून केंद्रावर जाण्याआधी कागदावर नीट लिहून न्या: मराठी स्पेलिंग, इंग्रजी स्पेलिंग, वडिलांचं की नवऱ्याचं नाव मधे. ऑपरेटरने दिलेली पावती तिथेच वाचून घ्या. एका अक्षरासाठी पुन्हा संधी खर्च होते. आणि हे काम सगळ्यात आधी करा, कारण दुरुस्ती होऊन यायला वेळ लागतो आणि ३१ जुलै थांबत नाही.

लग्नाची नोंद झालेली नसेल तर तीही ग्रामसेवकांकडे याच वेळी करून घ्या. एनआयओएससाठी ती लागेलच असं नाही, पण नोकरीच्या वेळी लागते.

मोबाइलचं: १४ जणींची नोंदणी एकाच नंबरवर करू नका. ओटीपी त्या नंबरवर येतो आणि तो माणूस नसला की सगळ्यांचं अडतं. नवऱ्याचा नंबर टाकला तर तो फडात, नेटवर्कबाहेर. जिच्याकडे स्वतःचं सिम नाही तिच्या नावावर सिम घ्या आणि रिचार्ज संपून ते बंद पडणार नाही याची तारीख त्याच वहीत लिहा. आधारलाही तोच नंबर जोडा. पुढे पदवीला जायचं ठरलं तर दूरशिक्षणाच्या प्रवेशाला आता डीईबी आयडी (दूरशिक्षणाचा नोंदणी क्रमांक) आणि एबीसी आयडी (श्रेयांक खात्याचा क्रमांक) लागतात, त्या दोन्हींचा पाया आधारवरचं नाव आणि नंबर हाच आहे.

दहावी नापास दोघींच्या जुन्या गुणपत्रिका शोधा. त्यांतले पास झालेले विषय काही अटींवर एनआयओएसकडे वर्ग होतात. प्रवेशाच्या फॉर्ममध्येच ते सांगावं लागतं, नंतर आठवून चालत नाही.

एक गोष्ट मात्र अभ्यासाला लावण्याआधी बघा. १६-१७ वर्षांच्या मुलींना मुक्त शाळेत घालण्याआधी नियमित शाळा आणि वसतिगृहाचा पर्याय तपासला का? ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना आहे, बीड त्यात आहे. मुलगी वसतिगृहात राहिली तर तिचा कोयता सुटतो आणि बऱ्याचदा लग्नही पुढे ढकललं जातं. दूरशिक्षण हा तिच्यासाठी दुसरा पर्याय असावा, पहिला नव्हे.

रानवाट:

वरच्या दोघांनी प्रवेशाचं नीट सांगितलंय. मी फडातल्या अभ्यासाबद्दल लिहिते.

बाईचा दिवस पहाटे तीन-चारला सुरू होतो. स्वयंपाक, मग फड, मोळ्या बांधणं, वाहून नेणं, गाडी भरणं, संध्याकाळी पाणी, परत स्वयंपाक. गाडी रात्री कधी भरायची हे तिच्या हातात नसतं. "रोज रात्री आठ वाजता ऑनलाइन वर्ग" ही योजना तिथे पहिल्या आठवड्यातच बंद पडते. रोजची २० मिनिटं धरा, तीही ठरलेल्या वेळी नव्हे. टोळीला सुट्टी असेल त्या दिवशी दोन तास. बस. यापेक्षा जास्त अपेक्षा ठेवून आखलेला अभ्यासक्रम तिला अपराधी वाटायला लावतो आणि ती फोन उचलणं बंद करते.

म्हणून वर्षाचे तीन भाग करा. जून ते सप्टेंबर शिकवणं, ऑक्टोबर ते मार्च फक्त उजळणी, एप्रिलमध्ये लिहिण्याचा सराव. नवीन धडा फडात शिकवायचा नाही. जे शिकवायचं ते पावसाळ्यात, वाचनालयात, समोरासमोर.

टीएमए म्हणजे घरून लिहून द्यायचा स्वाध्याय. प्रत्येक विषयाला २० गुणांचा, सहा प्रश्न: पहिले तीन दोन-दोन गुणांचे, पुढचे दोन चार-चार गुणांचे, सहावा प्रकल्प सहा गुणांचा. अंतिम निकालात त्याचं वजन २० टक्के आहे, म्हणजे काठावरच्या बाईला तोच तारतो. एप्रिलच्या परीक्षेसाठी त्याची मुदत जानेवारीअखेरच्या आसपास असते, म्हणून तो सप्टेंबरमध्येच, निघण्याआधी लिहून घ्या. स्वतःच्या अक्षरात, मग फोनवर स्कॅन करून पीडीएफ. फोटो खिडकीजवळ दिवसा काढा, रात्री ट्यूबखाली काढलेल्या पानावर सावली पडते आणि तपासणाऱ्याला अक्षर दिसत नाही. एका विषयाच्या उत्तरांची नक्कल १४ जणींनी करू नये. शब्द न् शब्द सारखी उत्तरं आली की गुण जातात. प्रकल्पाला त्यांच्या जवळचा विषय द्या: गावातलं पाणी, बचतगटाचा हिशेब, उचलीचा करार. त्यावर त्या न थांबता लिहितात.

आणखी एक. अभ्यासक्रम दोन भागांत विभागलेला आहे: काही धडे फक्त टीएमएसाठी, काही सार्वजनिक परीक्षेसाठी. विभागणी संकेतस्थळावर विषयवार आहे. परीक्षेचे धडे साधारण ६० टक्के. हे न बघता अख्खं पुस्तक पाठ करायला लावणारे गट मी बरेच बघते. फडात न्यायच्या साहित्यात फक्त परीक्षेचे धडे ठेवा.

साहित्य: जाड पुस्तक कोपीत टिकत नाही. दव, राख, चूल, पोरं. धडावार पुस्तिका करा. ए४ कागद मधे दुमडून, मध्ये दोन पिना, १६ ते २४ पानं, अक्षर १४ पॉइंट, कारण रात्री बॅटरीच्या उजेडात वाचायचं असतं. प्रत्येक धड्याच्या शेवटी १० वस्तुनिष्ठ प्रश्न आणि शेवटच्या पानावर उत्तरं उलटी छापा. अशा आठ-दहा पुस्तिका, एक १०० पानी वही, दोन पेन झिपच्या जाड प्लास्टिक पिशवीत. सौर दिवा देता आला तर उत्तमच, रॉकेलच्या चिमणीजवळ कागद नको.

आवाज: इथे इंटरनेट लागतच नाही. परीक्षेचा प्रत्येक धडा ८ ते १० मिनिटांच्या ध्वनिफितीत सांगा. धडा वाचून दाखवायचा नाही, समोर बाई बसली आहे असं समजून सांगायचा, मधेमधे प्रश्न विचारून पाच सेकंद थांबायचं. एमपीथ्री, मोनो, ३२ केबीपीएसवर साठवा. एका मिनिटाला सुमारे २४० केबी लागतात, दहा मिनिटांचा धडा अडीच एमबीच्या आत. १६ जीबीच्या कार्डावर सगळे विषय मावून गाणीही मावतात, आणि गाणी ठेवाच, नाहीतर कार्ड काढून दुसरं घातलं जातं.

कार्ड साध्या बटणांच्या फोनला चालावं म्हणून ३२ जीबीपेक्षा मोठं घेऊ नका आणि एफएटी३२मध्ये फॉरमॅट करा. फाइलची नावं इंग्रजी अक्षरांत आणि आकड्याने सुरू होणारी द्या, ०१, ०२, ०३ अशी इंग्रजी आकड्यांत. देवनागरी नावं बऱ्याच साध्या फोनवर चौकोन होऊन दिसतात. १ ते ९ च्या आधी शून्य लावलं नाही तर दहावा धडा पहिल्यानंतर वाजतो. प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला विषय आणि धडा बोलून सांगा, म्हणजे पडदा न बघता कळतं. उसाच्या मोळ्या बांधतानाही ऐकता येतं, हा याचा मोठा फायदा.

शंका विचारण्यासाठी साधा कॉन्फरन्स कॉल. साध्या नेटवर्कवर तुमच्याशिवाय जास्तीत जास्त ५ जणी जोडता येतात, म्हणून ११ जणींचे तीन गट करा. गट टोळीप्रमाणे करा, विषयाप्रमाणे नको. एकाच टोळीत दोघी असतील तर त्या एकमेकींना ओढतात, एकटी असेल तर तिला जवळच्या टोळीतल्या दुसरीशी जोडून द्या. आठवड्यातून एकदा, १५ मिनिटं, वेळ त्या सांगतील ती. कॉलवर शिकवायचं नाही. गेल्या आठवड्यातल्या पुस्तिकेचे पाच प्रश्न विचारायचे, उत्तरं ऐकायची, एवढंच. कॉल चुकला तर दुसऱ्या दिवशी फक्त त्या एकीला.

निघण्याआधी मुकादमाशी आणि नवऱ्यांशी वाचनालयात एक बैठक घ्या. परीक्षेच्या तारखा कळल्या की टोळीच्या परतीच्या तारखेशी त्या ताडून बघाव्या लागतात. मुकादमाला आधी माहीत असेल तर तो एखाद्या जोडीला आधी सोडतो. ऐन वेळी सांगितलं तर सोडत नाही.

वाचनकट्टा:

खूप उपयोगी. तुम्हा तिघांचे आभार. प्रात्यक्षिक मार्चमध्ये येतं हे कोणीच सांगितलं नव्हतं, आम्ही सगळ्यांचं गृहविज्ञान भरणार होतो.

अजून चार गोष्टी:

१. दोघी जणी अडखळत वाचतात. एक चौथीतून सुटली आहे.
२. एका मुलीला खूप कमी दिसतं.
३. तालुक्याला एक जण "एका वर्षात दहावी-बारावी दोन्ही, गॅरंटी पास" म्हणतो. प्रत्येकी बरीच रक्कम मागतो.
४. मुक्त विद्यापीठाचं खरं काय?

काठावरची शाळा:

पहिलं: अडखळत वाचणाऱ्या दोघींना या वर्षी दहावीला बसवू नका. चाचणी सोपी आहे. दुसरीच्या पुस्तकातला उतारा न थांबता वाचता येतो का, वाचून झाल्यावर तीन प्रश्नांची उत्तरं देता येतात का, आणि तोंडी सांगितलेली पाच वाक्यं लिहिता येतात का. तिन्ही जमलं तर घ्या. नाही जमलं तर आधी पाया. वाचता अजिबात येत नसेल तर १५ वर्षांपुढच्यांसाठीचा 'उल्लास' साक्षरता कार्यक्रम शाळेमार्फत चालतो. चौथीतून सुटलेलीला राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाची पाचवी आणि मग आठवी, किंवा एनआयओएसचं मुक्त मूलभूत शिक्षण, त्यात तिसरी, पाचवी, आठवी असे तीन स्तर आहेत. एका पावसाळ्यात ती चांगली वाचायला लागेल. गटाबरोबरच बसवा, वेगळी काढू नका.

तिसरं: त्या माणसाकडे जाऊ नका. एनआयओएसचं शुल्क त्यांच्या संकेतस्थळावर, प्रत्येकीच्या स्वतःच्या लॉगिनमधून भरलं जातं आणि पावती लगेच मिळते. रोखीने पैसे घेऊन पावती न देणारा, मूळ दाखले स्वतःकडे ठेवून घेणारा, किंवा परीक्षेला येण्याची गरज नाही म्हणणारा, या तिघांपैकी एकही खूण दिसली तर उठून या. नावात 'राष्ट्रीय', 'मुक्त', 'बोर्ड' असे शब्द असलेली बनावट मंडळं बरीच आहेत. मंडळांच्या परिषदेच्या, म्हणजे कॉबसेच्या, यादीत नाव आहे का ते बघा. तिथे नसेल तर ते प्रमाणपत्र अंगणवाडीच्या अर्जात पहिल्याच तपासणीत बाद होतं, आणि तोपर्यंत बाईचे पैसे आणि उमेदीची वर्षं दोन्ही गेलेली असतात.

चौथं: यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ, नाशिक, स्थापना १९८९. संस्था उत्तम, मराठीतून शिकण्यासाठी महाराष्ट्रात त्याहून मोठी सोय नाही, अभ्यासकेंद्रं तालुक्यापर्यंत आहेत. पण ते बारावीनंतरचं पाऊल आहे. शाळा सुटलेल्यांसाठी तिथे पूर्वतयारी अभ्यासक्रम चालत आला, तो त्या विद्यापीठाच्या पदवीच्या दारातून आत जाण्यापुरता. तो दहावी किंवा बारावीच्या जागी धरला जात नाही. तुमच्या बायकांना आशा आणि अंगणवाडी हवी आहे, तिथे शाळेचीच प्रमाणपत्रं मागतात. पदवी आहे पण बारावी नाही, अशी अवस्था झाली तर बाई ना इकडची ना तिकडची राहते. आधी एनआयओएसची दहावी, मग त्यांचीच बारावी किंवा मायग्रेशन (मंडळ बदलण्याचं) प्रमाणपत्र घेऊन अकरावी, आणि मग नाशिक. दूरशिक्षणातली मान्यताप्राप्त पदवी नियमित पदवीइतकीच धरली जाते, त्यामुळे घाईने आडवाटेने जायची गरजच नाही.

रानवाट:

कमी दिसणाऱ्या मुलीबद्दल. आधी जिल्हा रुग्णालयातून तपासणी करून यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढा. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असेल तर लेखनिक आणि तासाला २० मिनिटं जादा वेळ मिळतो. शुल्कातही सूट आहे. ही मागणी प्रवेशाच्या फॉर्मपासून नोंदवा, परीक्षेच्या आदल्या दिवशी केंद्रावर सांगून चालत नाही. लेखनिक जुलैपासूनच ठरवा आणि दोघींचा एकत्र सराव घ्या. मनातलं उत्तर दुसऱ्याला सांगून लिहवून घेणं हे वेगळं कौशल्य आहे, "इथे नवा परिच्छेद, इथे अधोरेखित" हे बोलून सांगायची सवय लागते.

फोनवर टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारी सोय, सुरू करा, मराठी आवाज आधी डाउनलोड करून ठेवा म्हणजे नेटशिवाय चालतो. मराठी पीडीएफची एक मोठी अडचण आहे: काही पुस्तकं स्कॅन केलेली असतात, म्हणजे ती नुसती चित्रं, त्यातून आवाज निघतच नाही. काही जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधली असतात, तिथे टॉकबॅक निरर्थक इंग्रजी अक्षरं वाचत सुटतो. तपासायचा सोपा उपाय: पीडीएफमधलं एक वाक्य कॉपी करून मेसेजमध्ये चिकटवा. मराठीत उमटलं तर पुस्तक वाचता येईल. नाही उमटलं तर गूगल लेन्सने पानातला मजकूर काढा, किंवा वर सांगितलेल्या ध्वनिफितीच तिला द्या. काही प्रमाणात दिसत असेल तर पुस्तिका १४ऐवजी २४ पॉइंटमध्ये, फिकट पिवळ्या कागदावर, फक्त एका बाजूने छापा. कोणता आकार बरा वाटतो हे तिलाच तीन नमुने दाखवून विचारा.

एनआयओएसची काही केंद्रं खास दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी मान्यता दिलेली असतात. पुण्याच्या प्रादेशिक केंद्राकडे तुमच्या जिल्ह्याजवळचं विचारा.

दाखला_उतारा:

परीक्षेच्या दिवसांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून जोडतो.

एनआयओएसची परीक्षा महिनाभराहून जास्त चालते, पेपर विखुरलेले असतात. केंद्र गावाजवळ मिळेलच असं नाही, जिल्ह्याच्या ठिकाणी धरून चाला. पहिल्या वर्षी दोन विषय देण्याचं हेही एक कारण: दोनच फेऱ्या, दोनच दिवसांची मजुरी. वेळापत्रक लागलं की सगळ्यांच्या तारखा एका तक्त्यावर घ्या आणि ज्या दिवशी पाचपेक्षा जास्त जणी असतील त्या दिवशी गाडी करा. सकाळच्या एसटीवर विसंबू नका. लहान मूल अंगावर असलेल्या बाईबरोबर सांभाळायला घरचं कोणी तरी हवं, ती जागा गाडीत आधीच मोजा.

हॉल तिकीट संकेतस्थळावरून काढायचं असतं, छापून दोन प्रती. त्यावरचं नाव, फोटो, विषय क्रमांक आणि माध्यम मिळालं त्याच दिवशी ताडून बघा. आधार मूळ न्या, झेरॉक्स नको.

सराव: एप्रिलमध्ये परतल्यावर हात लिहिता राहिलेला नसतो. कोयता धरून बोटं जाड झालेली, पेन नीट धरता येत नाही. पहिल्या दिवशी १५ मिनिटं सलग लिहू द्या, मग अर्धा तास, मग तास, शेवटी पूर्ण पेपर. जाड ग्रिपचं जेल पेन द्या. प्रश्नपत्रिकेत साधारण निम्मे गुण वस्तुनिष्ठ प्रश्नांना असतात, ते आधी सोडवायची सवय लावा. ३३ टक्क्यांपर्यंतचा मोठा भाग तिथेच जमतो, आणि मग उरलेल्या वेळात ती घाबरून न जाता मोठी उत्तरं लिहू शकते.

वाचनकट्टा:

ठरलं. तिघी १७ नंबर, दोघी पाया पक्का करायला, बाकीच्यांचं एनआयओएस, पहिल्या फेरीला मराठी आणि सामाजिक शास्त्र. १६ वर्षांच्या मुलीच्या वसतिगृहाची चौकशी उद्या समाजकल्याणच्या कार्यालयात करतो. आधार दुरुस्तीचा तक्ता आणि उताऱ्याच्या अर्जाचा नमुना तयार झाला की इथेच टाकतो, दाखला_उतारा सरांनी कृपया एकदा नजर घालावी.